एकवीरेच्या वाटेवरील रंगीत छापखाना

आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य कुळांची कुलस्वामिनी कार्ल्याची आई एकवीरा होय. चैत्रातील पालखीच्या उत्सवास उरण, पनवेल, अलिबाग व ठाणे या बाजूंनी आगरी-कोळी बांधवांची जी रीघ लागते ती सर्वश्रुत आहे. आगगाडीने जाणारे भाविक मळवली स्थानकावर उतरतात आणि लेण्यांच्या डोंगराची वाट धरतात. त्या डोंगरातील प्राचीन चैत्यगृहाची माहिती शालेय पुस्तकांतून आपणांस मिळते. परंतु याच परिसरात, मळवलीस, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक छापखाना उभा राहिला आणि त्याने आपल्या घरांतील भिंतींचे व देव्हाऱ्यांचे रूप पालटून टाकले, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते. तो छापखाना म्हणजे राजा रविवर्मा यांचा प्रेस. त्याचा, आणि त्याच्या अनुषंगाने आपल्या देशातील आरंभीच्या रंगीत पोस्टकार्डांचा, वृत्तांत प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे.

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीचा इतिहास यावा, छापखान्याचा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, ज्यांच्या घरी सनदा, वतनपत्रे व बखरी होत्या त्यांचा इतिहास त्या कागदांवरून लिहिता येतो. आपले पूर्वज मिठागरात व भातखाचरांत राबणारे. त्यांनी लिहून ठेवलेले कागद थोडे. मागे उरल्या त्या भिंतीवरच्या तसबिरी आणि पत्र्याच्या पेटीच्या तळाशी पडलेली चार कार्डे. तेव्हा हे कागद कोठून आले, ते कसे तयार झाले आणि त्यांचे मोल काय, हे जाणून घेणे आपल्याच इतिहासाचा भाग आहे.

दगडावरची रेघ

प्रथम या छपाईची रीत समजून घेतली पाहिजे. कारण तिच्यावाचून पुढील कथेचे मर्म ध्यानात येणार नाही. बव्हेरियातील आलोइस सेनेफेल्डर नावाच्या नाटककारास आपली नाटके स्वस्तात छापावयाची होती. त्या खटपटीत असता एके दिवशी परटाकडे टाकावयाच्या कपड्यांची यादी लिहिण्यास कागद हाताशी नव्हता, म्हणून त्याने ती तेलकट शाईने एका गुळगुळीत दगडावर लिहिली, असे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. या निमित्तातून, व पुढील प्रयोगांतून, सन १७९६ ते १७९८ च्या दरम्यान शिळामुद्रणाची कला जन्मास आली.

तिचे तत्त्व अगदी साधे आहे. तेल आणि पाणी यांचे सख्य नाही. चुनखडीच्या विशिष्ट दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, मग दगड पाण्याने ओला करावयाचा. चित्राच्या रेघा पाणी झिडकारतात, उरलेला दगड पाणी धरून ठेवतो. आता तेलकट शाईचा रूळ फिरविला की शाई फक्त रेघांवर बसते, ओल्या भागावर बसत नाही. त्यावर कागद दाबला की चित्र उमटले. या कामासाठी उत्तम दगड बव्हेरियातील सोल्नहोफेन येथील खाणींत मिळे, आणि तेथूनच तो जगभर जाई.

रंगीत चित्रासाठी हीच क्रिया पुनःपुन्हा करावी लागे. पिवळ्याचा एक दगड, तांबड्याचा दुसरा, निळ्याचा तिसरा, अंगकांतीच्या गुलाबी छटेचा चौथा, अशी मूळ चित्राची रंगवार फोड करून प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगडावर चित्राचा तेवढाच भाग रेखाटावा लागे. उत्तम प्रतीच्या चित्रास दहा-पंधरा, प्रसंगी त्याहूनही अधिक दगड लागत. प्रत्येक कागद तितक्याच वेळा यंत्रातून जाई, आणि प्रत्येक वेळी तो नेमक्या त्याच जागी बसावा लागे. केसभर चूक झाली तर देवीचे ओठ गालावर जात. वरून रोगण चढविले आणि कागदावर कापडाच्या विणीसारखे दाब उमटविले की ते चित्र तैलचित्रासारखे दिसे. अशा चित्रांस ओलिओग्राफ म्हणत.

आपल्या भाषेत कायमच्या गोष्टीस ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतात. शिळाछापखान्यात मात्र नेमके उलटे घडे. दगड महागाचे, परदेशातून आणलेले. एका चित्राची मागणी संपली की दुसऱ्या एका दगडाने व वाळूने तो दगड घासून कोरा करीत, आणि त्याच्यावरच नवे चित्र काढीत. दगडावरची रेघ पुसली जाई. कागदावरची, जर कोणी कागद जपला तर, उरे. वाचकांनी एवढी गोष्ट लक्षात ठेवावी अशी विनंती आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

ही कला आपल्याकडे रविवर्म्यांनी प्रथम आणली असे नाही. मुंबईत गणपत कृष्णाजी या भंडारी ज्ञातीतील उद्योगी गृहस्थांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहून पाहून स्वतःचे शिळायंत्र सिद्ध केले आणि सन १८३१ मध्ये मराठी पंचांग छापून प्रसिद्ध केले. छापण्याच्या शाईत चरबी असते या समजुतीने सोवळे लोक छापील पोथीस शिवत नसत. तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरून तो आक्षेप दूर केला, असे सांगतात. श्रमजीवी ज्ञातीतील, फारसे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या एका पुरुषाने देशी मुद्रणकलेचा पाया घालावा ही गोष्ट आपणां सर्वांस अभिमानाची आहे.

पुढे सन १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी पुण्यास चित्रशाळा काढली. ‘निबंधमाला’कार म्हणून शास्त्रीबोवांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे, परंतु लेखणीने जे लोकांपर्यंत पोहोचत नाही ते चित्राने पोहोचेल, हे त्यांनी ओळखले होते. चित्रशाळेने छापलेली रामपंचायतनासारखी रंगीत चित्रे महाराष्ट्रात घरोघर गेली. शास्त्रीबोवा सन १८८२ मध्ये अकाली निवर्तले. चित्रशाळा मात्र पुढे वासुकाका जोशी यांच्या हाती दीर्घकाळ चालली. म्हणजे रविवर्म्यांनी मुंबईत पाऊल टाकले तेव्हा रंगीत देवचित्रांची आवड येथे रुजलेली होती.

मुंबईहून मळवलीस

रविवर्म्यांचा जन्म त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी झाला. तैलरंगांत पौराणिक प्रसंग रंगविण्यात त्यांनी असामान्य कौशल्य मिळविले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या नव्या राजवाड्यासाठी त्यांजकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. ती बडोद्यास रवाना होण्यापूर्वी लोकांस पाहावयास ठेवली असता प्रेक्षकांची मोठी दाटी झाली. राजवाड्यातील चित्र एकच. पाहू इच्छिणारे लक्षावधी. या अडचणीवर तोड सर टी. माधवराव यांनी फार पूर्वीच सुचविली होती. तंजावर प्रांतातील मराठी कुटुंबात जन्मलेले हे मुत्सद्दी त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण होते. रविवर्म्यांना पाठविलेल्या सन १८८४ मधील एका पत्रात त्यांनी असा सल्ला दिला की, एक हात सर्वांची मागणी पुरी करू शकत नाही, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या ओलिओग्राफ प्रती काढाव्यात.

रविवर्म्यांनी एक पाऊल पुढे टाकले. चित्रे युरोपास पाठविण्याऐवजी त्यांनी युरोपातील यंत्रे इकडे आणविली. सन १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला. गोवर्धनदास खटाव मखनजी हे व्यापारी भागीदार होते, यंत्रे जर्मनीतून आली, आणि ती चालविण्यास जर्मन तंत्रज्ञही आले. व्यवहाराची बाजू रविवर्म्यांचे धाकटे बंधू सी. राजराजवर्मा पाहात, ते स्वतःही कुशल चित्रकार होते. पहिले छापील चित्र शकुंतलेच्या जन्माचे. त्यामागून लक्ष्मी आणि सरस्वती आल्या, आणि या दोन चित्रांनी हिंदुस्थान व्यापून टाकला.

याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. त्या काळी देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत सर्वांस प्रवेश नव्हता. पुष्कळ ज्ञातींस पायरीवरूनच हात जोडावे लागत, कित्येकांस तेवढीही मुभा नसे. राजवाड्यातील चित्र तर दृष्टीसही पडणे अशक्य. अशा काळी कमळावर उभी असलेली, साडी नेसलेली, शेजारच्या घरची वाटावी अशी लक्ष्मी बाजारात विकत मिळू लागली. ती घरी आणण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती. जो कोणी चार पैसे मोजील त्याच्या कुडाच्या भिंतीवर ती सारख्याच प्रसन्न मुद्रेने उभी राही. कलेच्या जाणकारांनी या छापील चित्रांस पुढे पुष्कळ नावे ठेविली. त्यांचा अधिकार मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, देव सर्वांच्या घरी आणण्याचे जे काम मोठमोठ्या ग्रंथांना साधले नाही ते या रंगीत कागदांनी केले.

छापखान्याची भरभराट मात्र फार काळ टिकली नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकट झाला. मांडवी भागात आरंभ झालेल्या या साथीने शहर ओस पडू लागले. माणसे मिळेल त्या गाडीने गावांकडे पळाली. कारखाने व बाजार यांची चालती चाके थांबली. भागीदारीही काही वर्षांत संपुष्टात आली आणि कर्जाचा बोजा वर्मा बंधूंवर पडला. अखेर छापखाना मुंबईतून हलविण्यात आला आणि सन १८९९ च्या सुमारास तो मळवलीस स्थिरावला. बोरघाटातून सन १८६३ पासून लोहमार्ग सुरू झालेला होता. तेव्हा दगड, कागद व यंत्रे तेथवर नेणे आणि छापलेला माल मुंबईस आणणे सुलभ होते. हवा थंड, आणि शहरातील रोगराई दूर.

तरीही आर्थिक ओढाताण थांबली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत वर्मा बंधूंनी हा छापखाना, चित्रे छापण्याच्या हक्कांसह, फ्रिट्झ श्लायखर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञास विकून टाकला. राजराजवर्मा सन १९०५ मध्ये आणि रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी निवर्तले. छापखाना त्यांच्या नावाने चालूच राहिला. श्लायखर यांनी देवचित्रांच्या जोडीला दिनदर्शिका, व्यापारी जाहिराती, आगपेट्यांवरील व कापडाच्या ठाणांवरील चिठ्ठ्या अशी कामे घेऊन धंदा सावरला.

एका पैशाचे कार्ड

आता पोस्टकार्डाकडे वळू. टपालाचे खुले कार्ड प्रथम ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघाले. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ पासून सुरू झाले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. एका पैशात देशाच्या कोणत्याही टोकास खुशाली कळविता येणे ही गरिबांच्या दृष्टीने केवढी मोठी सोय झाली याची कल्पना आजच्या पिढीस येणे कठीण आहे. हे सरकारी कार्ड साधे, चित्राविना होते.

चित्राचे कार्ड एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लोकप्रिय झाले. आरंभी एक अडचण होती. कार्डाची एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असे, तेथे मजकूर लिहिण्यास मनाई. मजकूर चित्राच्याच बाजूस, उरलेल्या कोऱ्या जागेत, दाटीवाटीने लिहावा लागे. म्हणून त्या काळच्या कार्डांवर चित्र लहान आणि भोवती मोकळी जागा अधिक दिसते. सन १९०२ मध्ये ब्रिटनने पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करून एकात मजकूर लिहिण्यास परवानगी दिली, इतर देशांनी पाठोपाठ तेच केले, आणि चित्रास संपूर्ण बाजू मिळाली. आपल्या घरी जुने कार्ड असेल तर या एकाच खुणेवरून त्याचा काळ बराचसा ठरविता येतो.

मळवलीच्या छापखान्याचा येथे मानाचा वाटा आहे. तेथे पॉल गेरहार्ट नावाचे जर्मन शिळाचित्रकार होते. त्यांनी सन १८९९ च्या सुमारास हिंदुस्थानातील स्त्री-पुरुषांची व नित्यजीवनाची रंगीत चित्रे पोस्टकार्डांसाठी दगडावर काढली. भाकरी भाजणाऱ्या बायका हा त्यांतील एक विषय. या कार्डांवर रविवर्मा प्रेसचे व कार्ल्याचे नाव छापलेले असे. देशात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या रंगीत चित्रकार्डांत त्यांची गणना होते. त्या वेळी जगातील बहुतेक रंगीत कार्डे जर्मनीत छापून येत. मुंबई-कलकत्त्याचे प्रकाशकही छायाचित्रे तिकडे पाठवून कार्डे छापवून आणीत. अशा वेळी मावळातील एका लहानशा स्थानकाशेजारी, जर्मन कसबाने व येथील कामगारांच्या हातांनी, तोडीस तोड कार्ड निघत होते.

लवकरच आपल्या लोकांनीही हे क्षेत्र हाती घेतले. कोल्हापूरचे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर हे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून तयार झालेले, व पुढे सन १९३० मध्ये तेथील संचालकपद भूषविणारे, थोर चित्रकार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरील माणसांची चित्रे पोस्टकार्डांसाठी काढली. रविवर्म्यांच्या कुंचल्याने देव घरोघर नेले; धुरंधरांच्या कुंचल्याने मोलकरीण, शिपाई व कामकरी यांस कागदावर स्थान दिले.

परंतु येथे एक गोष्ट मनास टोचल्याशिवाय राहात नाही. त्या काळच्या मुंबईच्या कार्डांत कोळिणीचे चित्र हा आवडता विषय होता. डोईवर पाटी, अंगावर दागिने, ताठ मान. साहेबलोक ती कार्डे विलायतेस आपल्या आप्तांना पाठवीत. कार्डाखाली छापलेले असे ‘मुंबईची कोळीण’, किंवा तत्सम काही. तिचे नाव छापलेले नसे. ती कोणाची लेक, कोणाची आई, कोणत्या कोळीवाड्यातील, हे तिच्या घरच्यांना ठाऊक होते. कार्डास ते नको होते. छापखान्यातही तोच न्याय. चित्राखाली चित्रकाराचे नाव येई, छापखान्याचे येई. दगड घासणाऱ्याचे, कागद लावणाऱ्याचे, रोगण चढविणाऱ्याचे नाव येत नसे. ज्यांनी श्रम केले ते चित्राच्या आतही निनावी राहिले आणि बाहेरही.

मळवलीहून रजतपटाकडे

या छापखान्याचे आणखी एक ऋण महाराष्ट्रावर आहे. त्र्यंबकेश्वरी सन १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांनी पुराणवस्तू खात्यातील सरकारी नोकरी सोडून लोणावळ्यास छपाईचा व ब्लॉक तयार करण्याचा कारखाना काढला. त्यांचे मुख्य काम रविवर्मा प्रेससाठी होते. छायाचित्राच्या साहाय्याने रविवर्म्यांची चित्रे दगडावर उतरवून देण्याचे काम ते करीत. पुढे कारखाना दादरला आला, त्यास लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हे नाव मिळाले, आणि सन १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यास फाळके जर्मनीस जाऊन आले. भागीदारांशी न पटल्याने त्यांनी तो धंदा सोडला. नंतर काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. हरिश्चंद्राची कथा रविवर्म्यांनीही रंगविली होती. ज्याने देवादिकांची स्थिर चित्रे शेकडो वेळा दगडावर उतरविली, त्यानेच त्यांस चालते-बोलते करण्याचा ध्यास घ्यावा, यात नवल ते काय!

दोन छापखान्यांची गती

रविवर्मा प्रेसचा समकालीन असा एक विख्यात छापखाना अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी होता. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे सन १८८० नंतरच्या दशकात हान्स याकोब श्मिड यांनी ‘फोटोक्रोम’ ही पद्धत शोधून काढली. प्रकाशाचा परिणाम होणारे डांबरी द्रव्य दगडावर लावून त्यावर छायाचित्र उमटवावयाचे, आणि रंगवार अनेक दगडांवरून छापावयाचे, अशी ती रीत. अमेरिकेतील हक्क डेट्रॉइटच्या कंपनीने मिळविले. विल्यम हेन्री जॅक्सन हे नामांकित छायाचित्रकार सन १८९७ मध्ये तीत सामील झाले, आणि कंपनीने लक्षावधी कार्डे व चित्रे छापली. पुढे स्वस्त छपाईच्या चढाओढीपुढे तिचा टिकाव लागला नाही. सन १९२४ मध्ये तिचे दिवाळे निघाले व सन १९३२ मध्ये ती मोडली.

कंपनी बुडाली, पण तिचा ठेवा बुडाला नाही. कोणीतरी काचेच्या निगेटिव्ह जपल्या, त्या संग्रहालयांत गेल्या, आणि सन १९४९ मध्ये तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या स्वाधीन झाल्या. आज पंचवीस हजारांहून अधिक काचा तेथे सुरक्षित आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा आपला गाव कसा दिसत होता हे तेथील नागरिकास पाहता येते.

मळवलीची कथा निराळी आहे. सन १९७२ मध्ये तेथील छापखान्यास आग लागली आणि मूळ छापील चित्रांपैकी पुष्कळसा साठा भस्मसात झाला. दगड तर वापरता वापरता आधीच घासले गेलेले. म्हणजे छापखान्याने स्वतःजवळ ठेवले ते जळाले, दगडाने धरले ते पुसले गेले, आणि उरले ते केवळ लोकांच्या घरी. कोणा शेतकऱ्याच्या देव्हाऱ्यात, कोणा मिठागर कामगाराच्या पडवीत, काचेच्या चौकटीत जे टांगले गेले तेवढेच वाचले. या छापखान्याचे खरे दप्तरखाने म्हणजे तुमची आमची घरे होत.

आपल्या घरचा कागद

आता ज्यासाठी हा लेखनप्रपंच केला त्या मुद्द्याकडे येतो. सन १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि आपल्या पंचक्रोशीचे रूप बदलू लागले. जमिनी गेल्या, मिठागरे गेली, बंदर आले, रुंद रस्ते आले. कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली. प्रगती कोणास नको? परंतु जुने घर उतरविताना भिंतीवरच्या काजळलेल्या तसबिरी, ओल लागलेली कार्डे, पेटीतील पत्रे यांची गत काय होते, हे आपण सर्व जाणतो. भंगलेली मूर्ती व जुनी तसबीर घरात ठेवू नये या समजुतीने ती खाडीत सोडली जाते किंवा पिंपळाच्या पारावर ठेवली जाते. श्रद्धेचा मान राखून ज्येष्ठ मंडळींस नम्रपणे असे विनवावेसे वाटते की, विसर्जनापूर्वी एकदा चौकटीच्या खालची काठाची ओळ वाचून पाहावी. तेथे रविवर्मा प्रेसचे नाव असेल, तर तो कागद पुन्हा छापला जाणार नाही.

अशा कागदाची ओळख पटविणे अवघड नाही. शाळेतले साधे भिंग घ्यावे. अलीकडच्या छपाईत बारीक ठिपके आखीव रांगांत दिसतात. शिळाछाप चित्रात ठिपके ओबडधोबड, लहान-मोठे, वाळू शिंपडल्यासारखे दिसतात. ते माणसाच्या हाताने दगडावर काढलेले असतात. काही चित्रांत देवीच्या साडीवर खरी जर, टिकल्या व मखमलीचे तुकडे शिवलेले किंवा चिकटविलेले आढळतात. ती घरच्या लेकी-सुनांची कारागिरी होय. ती काढून टाकू नये, तिच्यामुळे चित्राचे मोल वाढते. कागद पाण्याने पुसू नये, फाटला असल्यास चिकटपट्टी लावू नये, ऊन व ओल यांपासून दूर ठेवावा, आणि शक्य तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत. हे चित्र कोणी आणले, कोणत्या जत्रेतून किंवा मुंबईच्या कोणत्या फेरीत आणले, कोणत्या घरात लावले होते, पेटीतील कार्ड कोणी कोणास धाडले. छायाचित्र असेल तर त्यातील प्रत्येक स्त्री-पुरुषाचे नाव, माहेर व गाव. म्हातारी माणसे आहेत तोवरच हे होण्याजोगे आहे. त्यांच्यामागून तो चेहरा ‘जुन्या काळची एक आगरी स्त्री’ होऊन बसेल, जशी पोस्टकार्डावरील ती ‘मुंबईची कोळीण’ झाली. परक्याने आपले नाव लिहिले नाही याचे दुःख करावयाचे आणि आपण स्वतःही ते लिहावयाचे नाही, हे शोभत नाही.

हीच गोष्ट नजीकच्या काळास लागू आहे. जानेवारी १९८४ मधील शेतकऱ्यांच्या लढ्याने जासई आणि दास्तान फाटा ही नावे साऱ्या महाराष्ट्रास परिचित केली. लोकनेते दि. बा. पाटील याच जासईचे सुपुत्र. त्या लढ्यातील हुतात्म्यांची स्मृती आपण दरवर्षी जागवितो. परंतु त्या दिवसांतील पत्रके, सभांची छायाचित्रे, तुरुंगातून आलेली पत्रे आज कोणाकोणाच्या कपाटांत विखुरलेली आहेत. तीही कागदावरच आहेत, आणि कागदास वाळवी व विस्मृती असे दोन शत्रू असतात.

आपल्या मंडळाने एक नोंदवही घालावी, आणि प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या घरातील पन्नास वर्षांहून जुन्या चित्राची, पत्राची व छायाचित्राची नोंद तीत करावी, अशी सूचना या लेखाद्वारे करीत आहे. वस्तू कोणी मंडळास देण्याची आवश्यकता नाही. ती ज्याच्या घरी आहे त्याच्याच घरी राहावी. नोंदीपुरती एक वही, एक भिंग आणि शाळेत जाणारी चार चुणचुणीत मुले एवढे साहित्य पुरे आहे. येत्या दिवाळीस घरे झाडताना आरंभ करता येईल.